सर्वांना सोयीची वेळ

सभा भरविणे हा आपल्या लोकांचा जुना आणि आवडीचा उद्योग आहे. गणेशोत्सव असो, पतपेढी असो, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ असो, नाहीतर इमारतीच्या पाण्याच्या टाकीचा प्रश्न असो, चार माणसे जमली की पाचवा म्हणतो, "एकदा बसून घेऊ या." सभेत काय काय होते ते तुम्ही सर्वांनी पाहिलेलेच आहे, त्याविषयी मी नव्याने काय सांगणार? आज मला बोलायचे आहे ते सभा भरण्यापूर्वी जे घडते त्याविषयी. बसायचे तर खरे, पण केव्हा?

मी एका लहान गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची कार्यवाह आहे. माझ्या लहानपणी याच वाचनालयात एक शिपाई होते. सभा ठरली की अध्यक्ष त्यांच्या हाती नोटीस-वही देत. मग ते सायकलवर टांग मारून निघत आणि घरोघर जाऊन सभासदांची सही घेत. कुणी जेवायला बसलेले असे, कुणी मळ्यात गेलेले असे. ते ओट्यावर बसून राहत, घोटभर चहा घेत, पण सही घेतल्यावाचून हलत नसत. दोन दिवसांत अकरा सह्या होत. त्या वहीत वेळ विचारलेली नसे, कळविलेली असे. "रविवार, सायंकाळी ५ वाजता." सगळे गावातच राहत, सगळ्यांचा रविवार सारखाच मोकळा असे आणि पाच वाजता सगळ्यांच्याच अंगणात ऊन कलत असे.

आता त्याच वाचनालयाची इमारत-दुरुस्ती समिती पाहा. सभासद अकराच आहेत, पण गावात चौघेच उरले. दोघे पुण्यात, दोघे मुंबईत, एक नाशकात, एक लंडनला आणि एक अमेरिकेत न्यू जर्सीला. बाहेर गेलेल्यांचा वाचनालयावर जीव आहे, देणग्याही त्यांच्याच मोठ्या आहेत. पण कुणाची रात्रपाळी, कुणाच्या मुलांच्या परीक्षा, कुणाची सकाळी सातची लोकल. फोनवरच्या आमच्या गटात मी पहिल्यांदा विचारले, "रविवारी चालेल का?" तर दोन दिवसांत पन्नासच्या आसपास निरोप आले. एकाने लिहिले, "सकाळी असेल तर." दुसऱ्याने, "सकाळ सोडून कधीही." तिसऱ्याने नुसता अंगठा वर केलेले चित्र पाठविले. आता या अंगठ्याचा अर्थ 'चालेल' असा घ्यायचा, की 'वाचले' असा? मधेच कुणीतरी सुप्रभातीचे फूल धाडले आणि सगळा विषय त्या फुलाखाली गाडला गेला.

हे असे का होते, याचा थोडा हिशेब मांडून पाहा. घाबरू नका, गणित सोपे आहे. समजा, अकरा माणसांपैकी प्रत्येक जण निम्मा वेळ मोकळा आहे. तुम्ही कोणतीही एक वेळ सुचविली, तर अकराही जण एकाच वेळी मोकळे सापडण्याचा संभव किती? २०४८ मध्ये एक. बरे, माणसे इतकी कामात नाहीत, दहापैकी आठ वेळा मोकळी असतात असे धरू. तरीसुद्धा हा संभव साधारण बारांत एक एवढाच येतो. म्हणजे एकेक वेळ पुढे करून "ही चालेल का, ती चालेल का" असे विचारत बसलात, तर बारा वेळा विचारावे तेव्हा कुठे एकदा जमायचे. दोष माणसांचा नाही, विचारण्याच्या पद्धतीचा आहे.

आमच्या लंडनच्या सभासदबाईंनी मला यावरची युक्ती शिकवली. एकेक वेळ विचारू नका, सहा-सात वेळा एकदम मांडा आणि प्रत्येकाला त्यांवर खुणा करू द्या. वहीच्या पानावर आडव्या-उभ्या रेघा मारून आपण जसा तक्ता करतो, तसा तक्ता इंटरनेटवर करता येतो. वरच्या ओळीत वेळा, डाव्या बाजूस नावे. 'डूडल' नावाची सोय याच कामासाठी निघाली. ती स्वित्झर्लंडमधली, तिची कंपनी २००७ साली झाली. तुम्ही तक्ता करायचा आणि त्याचा दुवा सर्वांना पाठवायचा. ज्याने त्याने आपल्या नावासमोर खूण करायची. खुणाही तीन तऱ्हेच्या असतात: 'चालेल', 'नाही', आणि मधली, 'अगदीच अडले तर जमवीन'. ही मधली खूण मला फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडे निम्मे लोक याच मधल्या घरात राहतात! व्हॉट्सॲपवरसुद्धा नोव्हेंबर २०२२ पासून गटामध्ये असा कौल घेता येतो. घरगुती कामाला तेवढे पुरे होते.

या कामात दोन-तीन पथ्ये मात्र सांभाळावी लागतात. वेळा फार देऊ नयेत. वीस वेळा दिल्यात तर माणूस कंटाळतो आणि "नंतर पाहू" म्हणून फोन खाली ठेवतो. उत्तर केव्हापर्यंत हवे ते आधी सांगावे, आणि तो दिवस उजाडला की वेळ ठरवून मोकळे व्हावे. नाहीतर पहिल्यांदा खूण करणाऱ्याने ती वेळ तुमच्यासाठी राखून ठेवलेली असते आणि तुम्ही शेवटच्याची वाट पाहत बसता, तोवर पहिल्याचे काम निघते. आणखी एक गंमत अशी की, इतरांच्या खुणा दिसल्या की माणसे त्यांच्याकडे पाहून आपल्या खुणा करतात. अध्यक्षांनी गुरुवारवर खूण केली, की गुरुवार सर्वांनाच सोयीचा होतो. काही ठिकाणी एकाच्या खुणा दुसऱ्याला न दिसण्याची सोय असते, ती वापरून पाहावी.

ज्यांचे रोजचे कामच सभांचे आहे, त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. गूगलचे कॅलेंडर २००६ सालापासून आहे, इतरांचीही आहेत. एका कचेरीतली माणसे आपापली दिनदर्शिका एकमेकांना उघडी करतात. यात लाजण्यासारखे काही नसते. तुम्ही दंतवैद्याकडे जाता की लग्नाला, हे दुसऱ्याला कळत नाही. 'या वेळात मोकळा नाही' एवढेच दिसावे, असे ठरवता येते. निरनिराळ्या कंपन्यांच्या दिनदर्शिका एकमेकींचे आमंत्रण वाचू शकतात, कारण ते लिहिण्याची एक समान पद्धत १९९८ सालीच ठरली आहे. टपालाच्या पत्त्याची रीत ठरलेली असली म्हणजे पाकीट कुठल्या दुकानातले याला महत्त्व उरत नाही, तसेच हे.

तिसरी तऱ्हा 'कॅलेंडली'सारख्या सोयीची. टोपे अवोटोना या नायजेरियात जन्मलेल्या गृहस्थांनी अमेरिकेत २०१३ साली ती सुरू केली. "माझ्या मोकळ्या वेळा या इथे आहेत, तुम्हांला हवी ती घ्या," असा दुवा पाठवायचा. वकील, डॉक्टर, शिकवणी घेणारे यांना ही फार सोयीची. पण आपल्या रीतीत थोडे जपून वापरावे. वडीलधाऱ्या माणसाला असा दुवा पाठविला, तर दवाखान्यात नंबर लावायला सांगितल्यासारखे त्यांना वाटते. त्यांना आपण फोन करून "आपल्याला केव्हा येऊ?" असेच विचारावे.

आता घड्याळाची गोष्ट. लंडनचे आणि न्यू जर्सीचे सभासद असले की नुसते "रात्री आठ" म्हणून भागत नाही. मुंबईकरांना तर हा घोटाळा नवा नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी सुरू झाली, पण मुंबईने आपली जुनी 'मुंबई वेळ' सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती आणि पुढे कित्येक वर्षे ती शहरात टिकून होती. म्हणजे एकाच शहरात दोन वेळा नांदत होत्या आणि माणसे "कुठली वेळ?" असे विचारून मगच निघत. आज आमच्या समितीत तीन वेळा नांदतात. आमचे रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात लंडनला दुपारचे अडीच आणि न्यू जर्सीला सकाळचे साडेनऊ. उन्हाळ्यात मात्र तिकडे घड्याळे तासभर पुढे सारतात. मग लंडनला साडेतीन आणि न्यू जर्सीला साडेदहा होतात. त्यातही दोघांचा दिवस एक नाही. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत सगळे पाढे चुकतात.

आम्ही एकदा असेच फसलो. दरमहा सभा ठरलेली. मी निरोपात प्रेमाने लिहीत असे, "तुमच्याकडे सकाळी साडेदहा." नोव्हेंबर आला, तिकडची घड्याळे मागे गेली, आणि आमचे न्यू जर्सीचे सभासद साडेदहाला चहाचा कप घेऊन प्रसन्न चेहऱ्याने उगवले. आम्ही तेव्हा आभारप्रदर्शनावर आलो होतो. तेव्हापासून मी दुसऱ्याच्या गावची वेळ स्वतः मोजून लिहिणे सोडले. आमंत्रणच दिनदर्शिकेतून पाठवते, त्यात भारतीय वेळ नोंदलेली असते आणि ज्याचे त्याचे यंत्र आपापल्या गावची वेळ दाखविते. यामागे साऱ्या जगाच्या वेळांची एक मोठी जंत्री आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती गेल्या शतकात सुरू केली आणि २०११ पासून इंटरनेटची नावनिशी सांभाळणारी संस्था ती सांभाळते. कुठल्या देशाने घड्याळ केव्हा पुढे-मागे केले त्याची त्यात नोंद असते, आणि आपली भारतीय वेळ तिच्यात कोलकात्याच्या नावावर आहे. मुंबईकरांनी रागावू नये.

एवढे सगळे शिकून झाल्यावर मला थोडा अभिमान चढला होता, हे कबूल करते. २०२२ च्या एप्रिलमध्ये वाचनालयाचे छप्पर दुरुस्तीला काढायचे होते. पावसाळा तोंडावर होता. मी तक्ता केला, सहा वेळा दिल्या, तीन दिवसांची मुदत दिली. गुरुवारी रात्री नऊ, या वेळेला नऊ जणांची खूण आली. एकाने 'नाही' म्हटले. गणपूर्ती सहाची, इथे नऊ जण! अशी भरगच्च सभा आमच्या समितीने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. पडद्यावर नऊ चौकटी उजळल्या, चाळीस मिनिटांत पाच ठराव झाले. त्यांतला चौथा ठराव असा होता की, दुरुस्ती चालू असताना जुन्या मासिकांचे बांधीव खंड मागच्या खोलीत हलवावेत. सूचक पुण्याचे, अनुमोदक मुंबईचे, ठराव सर्वानुमते मंजूर.

तुमच्या लक्षात आले असेल, नऊ आणि एक मिळून दहाच होतात. अकरावे नाव होते आमच्या गुरुजींचे. वय ऐंशीच्या पुढे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, वाचनालयात साठ वर्षांची ये-जा. त्यांच्याजवळ बटणांचा साधा फोन आहे. त्यावर बोलता येते, तक्ता उघडत नाही. त्यांच्या नावासमोरची ओळ तशीच कोरी राहिली. मी ती पाहिली. पाहून मनात म्हटले, गुरुजींची कधीच हरकत नसते.

जूनमध्ये मोठा पाऊस झाला, त्या रात्री मागच्या खोलीत पाणी शिरले. छप्पर नवे होते, पाणी वरून आलेच नाही. अंगणातली मोरी तुंबली की त्या खोलीच्या उंबऱ्यावरून पाणी आत येते. असे पूर्वी दोनदा झाले होते आणि दोन्ही वेळा गुरुजींनी स्वतः बादलीने पाणी उपसले होते. अकरा जणांत ही गोष्ट ठाऊक असलेला माणूस एकच होता, आणि त्याला आम्ही विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले, तो गुरुजी माझ्या आधीच येऊन बसले होते. खालच्या फळीवरचे खंड फुगले होते. मला वाटले आता बोलतील. ते म्हणाले, "अगं, उभी काय राहिलीस? टिपकागद मिळाला तर आण, नाहीतर कोरे कागद आण. आणि उन्हात नको हो ठेवू, पाने वाकडी होतील. पंखा लाव." दिवसभर आम्ही पानापानांत कागद घालत होतो, भिजलेले काढून कोरडे घालत होतो. बरेचसे खंड वाचले. काहींच्या गुळगुळीत पानांचा एकच लगदा झाला, ते गेले. संध्याकाळी निघताना गुरुजींनी एवढेच विचारले, "सभा केव्हा झाली गं? मला नोटीस आली नाही."

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. शिपायांच्या सायकलीची मला त्या वेळी आठवण झाली. त्यांनी अकरावी सही घेतल्याशिवाय वही परत आणली नसती.

तेव्हापासून मी सभेच्या नियमांकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहू लागले. अमेरिकेत हेन्री रॉबर्ट नावाचे लष्करातले अभियंते होते. त्यांना १८६३ साली एका सभेचे अध्यक्षस्थान अचानक देण्यात आले आणि सभा कशी चालवावी हे ठाऊक नसल्यामुळे त्यांची फार फजिती झाली. त्या फजितीतून त्यांनी अभ्यास केला आणि १८७६ साली सभेच्या नियमांचे पुस्तक काढले, ते आजही वापरात आहे. या नियमांच्या मुळाशी एक गोष्ट अशी मानलेली आहे की, सभेला जे हजर नाहीत त्यांनाही हक्क असतात. सभेची सूचना, विषयपत्रिका, गणपूर्ती या गोष्टींचा हजर माणसांना जाचच वाटतो. पण त्या गैरहजर माणसाच्या रक्षणासाठी आहेत. आपल्या कंपनी कायद्यातही सर्वसाधारण सभेला निदान २१ दिवसांची सूचना लागते, ती याचसाठी. आणि टाळेबंदीच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, सरकारने कंपन्यांना दूरदृश्य पद्धतीने सर्वसाधारण सभा घेण्याची मुभा दिली, तेव्हाही सूचना देण्याचे बंधन काढून टाकले नाही.

मघाचे गणित पुन्हा आठवा. अकरा जण निम्मा वेळ मोकळे असतील, तर सगळे एकत्र येण्याचा संभव २०४८ मध्ये एक होता. पण निदान सहा जण येण्याचा संभव किती? बरोबर दोनांत एक. गणपूर्तीची कल्पना किती उपयोगी आहे ते यावरून दिसते. सगळे येण्याची वाट पाहिली असती तर छप्पर कधीच झाले नसते. मात्र या हिशेबात एक गृहीत आहे. प्रत्येक वेळी गैरहजर राहणारे निरनिराळे असतील, असे आपण धरून चालतो. दर वेळी तेच एक माणूस बाहेर राहत असेल, आणि ते कामामुळे नव्हे तर आपल्या साधनामुळे राहत असेल, तर गणपूर्ती कागदावर होते, सभेत होत नाही.

म्हणून आता आम्ही काय करतो, ते सांगते. तुमच्याही मंडळात, संघात, सोसायटीत उपयोगी पडेल.

तक्त्यातली कोरी ओळ म्हणजे होकार नव्हे, हा पहिला नियम. मुदत संपली की मी कोऱ्या ओळींची नावे काढते आणि त्यांना फोन करते. गुरुजींना वेळा वाचून दाखविते आणि त्यांच्या नावासमोर मीच खुणा करते. पाच मिनिटांचे काम आहे. तेवढ्यात गावातल्या दोन बातम्याही कळतात, हा वरचा लाभ.

सूचनेबरोबर विषयपत्रिका जाते आणि प्रत्येक विषयापुढे मिनिटे लिहिलेली असतात. फुकट सोयींना काळाची मर्यादा असते. झूमवर चाळीस मिनिटे, गूगल मीटवर तिघे किंवा अधिक असले तर एक तास. पूर्वी मला ही कटकट वाटे. आता वाटते, आपल्या कित्येक सभांना अशी घंटा हवीच होती. 'आयत्या वेळचे विषय' मात्र चर्चेपुरतेच घेतो. ज्या विषयाची सूचना कुणाला नव्हती, त्यावर ठराव करीत नाही.

सभेचा दुवा चारचौघांत टाकीत नाही. २०२० साली सारे जग पडद्यावर आले, तेव्हा नको ती माणसे दुसऱ्यांच्या सभांत घुसून धिंगाणा घालू लागली. त्यानंतर झूमने एप्रिल २०२० मध्ये परवलीचा शब्द आणि बाहेरची प्रतीक्षा-खोली आपणहून लागू केली. दाराशी कोण आले ते पाहूनच आत घ्यावे, हा घरचाच नियम.

सभेत तीन कामे तिघांकडे असतात. अध्यक्ष बोलण्याची पाळी सांभाळतात. एक जण येणाऱ्याला आत घेतो आणि कुणाच्या घरातला कुकर शिट्टी मारू लागला तर त्याचा आवाज बंद करतो. मी इतिवृत्त लिहिते, तेही सर्वांना दिसेल अशा एकाच कागदावर, म्हणजे चुकले तर तिथेच कुणी सांगते. ठरावाच्या वेळी आम्ही नावे पुकारतो आणि ज्याने त्याने तोंडाने 'होय' किंवा 'नाही' म्हणायचे. गप्प बसलेल्या चौकटीचे मत धरीत नाही. ध्वनिमुद्रण करायचे असेल तर आधी सर्वांना विचारतो.

आणि शेवटचे म्हणजे, सभेच्या दिवशी आमच्यापैकी गावातला एक जण आपला फोन घेऊन गुरुजींच्या घरी जातो. तो फोन टेबलावरच्या शब्दकोशाला टेकवून ठेवायचा. पहिल्या दिवशी गुरुजी पडद्याला नमस्कार करून उभेच राहिले. लंडनच्या बाई तिकडून म्हणाल्या, "गुरुजी, बसा ना, मी तुमच्या तिसरीच्या वर्गातली." गुरुजींनी चष्मा पुसला, पडद्याजवळ गेले आणि म्हणाले, "अगं, तुझे पाढे पाठ झाले का?" त्या सभेची पहिली आठ मिनिटे विषयपत्रिकेबाहेर गेली. इतिवृत्तात मी त्यांची नोंद केलेली नाही.

या सगळ्या सोयी फार चांगल्या आहेत. मी त्या वापरते, तुम्हीही वापरा. पाच हजार मैलांवरचे माणूस त्यांच्यामुळे आपल्या ओसरीवर येऊन बसते, हे काही थोडे नाही. फक्त वेळ नक्की करण्यापूर्वी एकदा नावांची यादी वरून खालपर्यंत बोट ठेवून वाचा. एखादी ओळ कोरी दिसली, तर फोन उचला. फोन लागला नाही, तर सायकल काढा.

यंदा मेमध्ये आम्ही अंगणातली मोरी रुंद करायचे ठरविले. सूचक गुरुजी, अनुमोदक न्यू जर्सीचे. मागच्या खोलीतले खंड आता वरच्या फळीवर आहेत.